माल कुठंय, हे कुणी विचारलंच नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला येणारा मुलगा संध्याकाळी घरी आला आणि चपला न काढता दारातच उभा राहून म्हणाला, काका, एक सही करू का नको ते जरा सांगा ना. वय असेल एकोणीस-वीस. हातात आधारची झेरॉक्स, पॅनकार्ड, आणि मोबाईलमध्ये कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला पार्टनरशिप डीडचा फोटो. कुणीतरी ओळखीचा त्याला म्हणाला होता की तुला एका फर्ममध्ये पार्टनर करतो, महिन्याला पाच हजार मिळतील, काम काही नाही, फक्त बँकेत येऊन सही करायची, चेकबुकावर कोऱ्या सह्या करून द्यायच्या आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड आमच्याकडे ठेवायचं. फर्मच्या नावात लॉजिस्टिक्स हा शब्द होता. मी विचारलं, ही फर्म करते काय रे? तो म्हणाला, जहाजाचं काहीतरी आहे काका, परदेशात भाडं पाठवतात.

मी त्याला घरात बसवलं, पाणी दिलं, आणि सही करू नकोस म्हणून सांगितलं. पण त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण मी ३१ वर्षं एका सरकारी बँकेत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या, इम्पोर्ट डेस्कवर, आणि "परदेशात भाडं पाठवतात" या तीन शब्दांचा अर्थ मला कळतो. म्हणून हे पत्र. लांब होईल, तुम्हाला काटछाट करायची तर करा, पण आकडे मात्र ठेवा ही विनंती.

आपल्या ठाण्यातलीच गोष्ट आहे. २०२५ च्या जानेवारीत ईडीने मुंबई, ठाणे आणि वाराणसीत धाडी घातल्या, ठाणे पोलिसांच्याच एफआयआरवरून. ईडीचं म्हणणं असं की ९८ भागीदारी फर्म नुसत्या कागदावर काढल्या, १२ प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढल्या, २६९ बँक खाती उघडली, आणि फर्मच्या खात्यांतून पैसा फिरवत फिरवत कंपन्यांच्या खात्यात आणून तिथून हाँगकाँग, सिंगापूर आणि थायलंडला पाठवला. रक्कम १०,००० कोटींच्या वर. कारण काय दाखवलं, तर फ्रेट, म्हणजे जहाजाचं भाडं. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी एका पेमेंट गेटवे कंपनीच्या खात्यातून २५ कोटी गेल्याच्या तक्रारीचा माग काढताना २६० च्या आसपास खाती आणि १६,१८० कोटींच्या उलाढालीचा आकडा सांगितला होता. दोन्ही वेळा बातमी दोन दिवस पहिल्या पानावर होती, तिसऱ्या दिवशी आत गेली आणि नंतर दिसेनाशी झाली.

लोकांना वाटतं पैसा बाहेर जातो तो बॅगेत भरून, विमानतळावरून, नाहीतर अंगडियाकडून हवाल्याने. तसाही जातो, नाही असं नाही. पण मोठा पैसा जातो तो बँकेच्या काउंटरवरून, सही-शिक्क्यासकट, स्विफ्टच्या, म्हणजे देशोदेशींच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या, मेसेजने, दुपारी कटऑफच्या आधी. आणि जाताना त्याच्या सोबत सगळे कागद असतात. इन्व्हॉइस असतो, पार्टीची विनंती असते, सीएचं सर्टिफिकेट असतं, केवायसीची फाईल असते. म्हणून मी जे सांगतोय ते एवढंच आहे की कागद पूर्ण आहेत का हे सगळे बघतात आणि ज्या मालासाठी पैसे चाललेत तो माल कुठंय हे कुणी विचारत नाही. सगळी देखरेख या एका प्रश्नाशी येऊन अडते.

यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे बँक ऑफ बडोदाच्या दिल्लीतल्या अशोक विहार शाखेचं, २०१५ सालचं. मी तेव्हा नोकरीत होतो आणि आमच्या डिपार्टमेंटमध्ये कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. या शाखेला परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी मिळाली २०१३ मध्ये. मे २०१४ ते ऑगस्ट २०१५ या काळात तिथल्या ३८ करंट अकाउंटमधून ५,८५३ व्यवहार करून ५४ कोटी ६१ लाख डॉलर बाहेर गेले, म्हणजे साधारण ३,५०० कोटी रुपये. हे बँकेने स्वतः दिलेले आकडे आहेत. सीबीआयने गुन्हा नोंदवला तेव्हा ५९ खाती आणि ६,००० कोटींच्या आसपास रक्कम धरली होती. पैसे कशासाठी पाठवले, तर काजू, डाळ, तांदूळ अशा मालाच्या आयातीचा ॲडव्हान्स म्हणून. पाठवले बहुतेक हाँगकाँगमधल्या कंपन्यांना. माल आला का? नाही आला.

आता हा हिशेब कुणीही पाटीवर करून बघावा. ५४ कोटी ६१ लाखाला ५,८५३ ने भागलं की सरासरी येते ९३,३०० डॉलर. दर व्यवहार एक लाख डॉलरच्या जरा खाली. हे काही योगायोगाने होत नाही. आमच्याकडे तेव्हा नियम असा होता की आयातीसाठी एक लाख डॉलरपेक्षा जास्त पाठवले आणि पार्टीने माल आल्याचा पुरावा, म्हणजे कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री, सहा महिन्यांत आणून दिली नाही, तर त्या पार्टीचं नाव बीईएफ नावाच्या स्टेटमेंटमध्ये घालून रिझर्व्ह बँकेला कळवायचं, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या अखेरीला. एक लाखाच्या आतलं त्या स्टेटमेंटमध्ये येतच नव्हतं. मी स्वतः ते स्टेटमेंट वर्षानुवर्षं भरलंय म्हणून सांगतो, ज्याने हे ९३ हजारांचे तुकडे केले त्याला आमच्या डेस्कवरचा माणूस काय बघतो आणि काय बघत नाही ते आमच्याइतकंच माहीत होतं.

बरं, तुकडे केले तरी ते दिसणारच होते ना. सोळा महिन्यांत ५,८५३ व्यवहार म्हणजे कामाच्या दिवसाला पंधराच्या वर. एका नवीन शाखेतून, नवीन उघडलेल्या खात्यांमधून, ज्यांच्या नावावर ना कर्ज, ना गोडाऊन, ना कस्टम्सकडे कसला इतिहास, त्यांच्याकडून रोज पंधरा वेळा जवळजवळ तेवढीच रक्कम त्याच शहरात जातेय. शाखेत हे दिसत होतं, झोनल ऑफिसच्या आकड्यांमध्ये दिसत होतं, कारण शाखेचा फॉरेक्स टर्नओव्हर असा वाढला की तो कुठल्यातरी मीटिंगमध्ये स्क्रीनवर आलाच असणार. आणि आमच्या मीटिंगमध्ये वाढलेला आकडा दिसला की पहिली प्रतिक्रिया काय असते ते मला माहीत आहे. टाळ्या असतात. मी अशा मीटिंगमध्ये बसलोय. वाढ कशाने झाली हे विचारणारा माणूस मला तरी क्वचित भेटला.

वर आणखी एक गोष्ट. पाच लाख रुपयांच्या वरचा प्रत्येक परदेशी व्यवहार बँकेने दर महिन्याला दिल्लीतल्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे अशा पैशांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवायचा असा नियम २०१३ पासून आहे. तेव्हाच्या भावाने ९३ हजार डॉलर म्हणजे ५७-५८ लाख रुपये. म्हणजे ५,८५३ पैकी जवळजवळ प्रत्येक व्यवहार त्या यादीत बसतो. ते रिपोर्ट गेले असतील तर वाचले कुणी आणि गेले नसतील तर मागितले कुणी, या दोनपैकी एका तरी प्रश्नाचं उत्तर लोकांना मिळायला हवं होतं. बँकेने शेवटी स्वतःच तक्रार केली हे मी मान्य करतो, पण तोवर पहिले पैसे हाँगकाँगला पोचून वर्ष उलटलं होतं.

आणि तो पैसा तिकडे जाऊन करतो काय, हे पण सांगायला हवं, कारण लोक म्हणतात ज्याचा काळा पैसा तो बघेल, आपल्याला काय. ईडीने तपासात म्हटलं होतं की यातल्या काहींनी हाँगकाँगमध्ये कंपन्या काढल्या, इकडून हलक्या किमतीचा माल फुगवलेल्या भावाने निर्यात केला, आणि इकडून चोरून पाठवलेलाच पैसा निर्यातीची रक्कम म्हणून परत आणला. का, तर निर्यातीवर सरकार ड्युटी ड्रॉबॅक, म्हणजे भरलेल्या कराचा परतावा, देतं. म्हणजे आधी खोट्या आयातीच्या नावाने डॉलर बाहेर, मग तेच डॉलर खऱ्या निर्यातीच्या नावाने आत, आणि येताना सरकारी तिजोरीतून वर बक्षीस. ते बक्षीस तुमच्या-माझ्या करातून गेलेलं आहे.

याच काळातली दुसरी बाजू बघा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया घसरत होता म्हणून रिझर्व्ह बँकेने साध्या माणसाला वर्षाला परदेशी पाठवता येणारी मर्यादा दोन लाख डॉलरवरून ७५ हजारावर आणली. ज्यांची मुलं बाहेर शिकत होती त्यांची तेव्हा धावपळ झाली, मी काउंटरला होतो, एका आईने माझ्यासमोर बसून रडत विचारलं होतं की दुसऱ्या सेमिस्टरची फी आता कशी पाठवू. मे २०१४ मध्ये, म्हणजे अशोक विहारचे व्यवहार सुरू झाले तेव्हा, ही ७५ हजारांचीच मर्यादा चालू होती. तिकडच्या एकेका व्यवहाराची सरासरी रक्कम सामान्य माणसाच्या तेव्हाच्या अख्ख्या वर्षाच्या मर्यादेपेक्षा जास्त होती, आणि ती दिवसाला पंधरा वेळा जात होती.

आता मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, पण अनुभव फार बदललाय असं नाही. माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीला मास्टर्सला गेला. व्हिसासाठी तिथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ते पाठवायला बहीण एका बँकेत तीन वेळा गेली. एकदा फॉर्मवर सही आत-बाहेर झाली म्हणून परत, एकदा युनिव्हर्सिटीच्या पत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यात मधलं नाव नाही म्हणून परत, तिसऱ्यांदा पैसे कुठून आले ते दाखवा म्हणून मेव्हण्यांच्या पीएफची कागदपत्रं मागितली. मी बँकेवर रागावलो नाही, कारण विचारणं बरोबरच आहे, आम्हीही विचारायचो, तो नियम आहे. माझं म्हणणं एवढंच की अकरा-बारा लाखांना पैसे आले कुठून हे तीन वेळा विचारलं जातं आणि शेकडो कोटींना माल कुठंय हे एकदाही विचारलं जात नाही, हे मला आतून लागतं. ३१ वर्षं ज्या खुर्चीत बसलो त्या खुर्चीबद्दलची ही गोष्ट आहे.

दंडाचं सांगतो. अशोक विहारनंतर रिझर्व्ह बँकेने २१ बँकांमधले आयातीच्या ॲडव्हान्सचे व्यवहार तपासले आणि २०१६ च्या जुलैमध्ये १३ बँकांना मिळून २७ कोटींचा दंड केला. बँक ऑफ बडोदाला ५ कोटी. बँकेने स्वतः मान्य केलेल्या ३,५०० कोटींवर ५ कोटी म्हणजे शंभर रुपयांना १४ पैसे. डॉलर विकताना बँकेला मार्जिन सुटतं, ते डॉलरमागे दहाच पैसे धरलं तरी ५४ कोटी ६१ लाख डॉलरवर साडेपाच कोटी होतात. म्हणजे दंड भरून सुद्धा शिल्लक. आणि तो दंड भरतो कोण? सरकारी बँकेचा पैसा म्हणजे ठेवीदारांचा आणि शेवटी सरकारचा. शाखेतले दोन अधिकारी अटक झाले, ते व्हायलाच हवं होतं, पण ज्यांच्या टेबलावर दर महिन्याला त्या शाखेचे आकडे जात होते त्यांचं पुढे काय झालं हे कुठे वाचायला मिळालं नाही.

अशोक विहार एकटं असतं तर मी म्हटलं असतं एक शाखा सडली. पण २०२० च्या जानेवारीत सीबीआयने चेन्नईतला गुन्हा नोंदवला तो बघा, काळ तोच २०१४-१५, शहर तेच हाँगकाँग, ५१ करंट अकाउंट, १,०३८ कोटी रुपये, आणि खाती स्टेट बँक, बँक ऑफ इंडिया आणि पंजाब नॅशनल अशा तीन वेगवेगळ्या सरकारी बँकांमध्ये. काही पैसा आयातीचा ॲडव्हान्स म्हणून आणि काही चक्क भारतीय लोकांच्या परदेशी सहलींचा खर्च म्हणून पाठवला. गुन्हा नोंदवायलाच पाच वर्षं लागली. पाच वर्षांनी हाँगकाँगच्या खात्यात काय शिल्लक असणार?

एक गोष्ट सुधारली, ती पण सांगतो म्हणजे एकतर्फी होणार नाही. २०१६ च्या ऑक्टोबरपासून आयडीपीएमएस नावाची सिस्टीम आली. त्यात कस्टम्सकडची बिल ऑफ एन्ट्रीची माहिती थेट बँकेला दिसते, आणि आयातीचा पैसा गेला पण माल आला नाही तर तो व्यवहार उघडा म्हणून लोंबकळत राहतो. चांगली सिस्टीम आहे, मी तिच्यावर काम केलंय, सुरुवातीला डोकं खायची पण चांगली आहे. मालाच्या नावाने चोरी करणं तिच्यामुळे अवघड झालं. मग चोरांनी काय केलं, मालाचं नाव सोडलं आणि भाड्याचं धरलं. जहाजाचं भाडं ही सेवा आहे. सेवेची बिल ऑफ एन्ट्री नसते, कस्टम्स तिला बघत नाही, त्यामुळे आयडीपीएमएसमध्ये ती येतच नाही. तिथे इन्व्हॉइस आणि सीएचं सर्टिफिकेट हेच काय ते पुरावे. ठाण्याच्या प्रकरणात फ्रेट हेच कारण दाखवलं ते का, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. एक दरवाजा बंद केला, शेजारचा उघडा राहिला, आणि शेजारचा उघडा आहे हे फॉरेक्समधल्या कुठल्याही जुन्या माणसाने चहा पिता पिता सांगितलं असतं.

आणि भाड्याला काही पुरावाच नसतो असंही नाही. भाडं कुठल्यातरी मालाचं असतं. माल असेल तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची पावती, असतं, कंटेनरचा नंबर असतो, जहाजाचं नाव असतं, न्हावाशेवाला किंवा मुंद्राला ते जहाज कधी लागलं याची नोंद असते. म्हणजे प्रश्न परत तोच, माल कुठंय. नव्या फर्मने पहिल्यांदा परदेशात भाडं पाठवायला आणलं की कंटेनर नंबर मागायचा आणि तो खरा आहे का ते बघायचं, याला पाच मिनिटं लागतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा फेराचा, म्हणजे परकीय चलनाच्या जुन्या कायद्याचा, काळ होता. फेरा कायदा जाचक होता, त्यात चांगल्या व्यापाऱ्यांचीही अडवणूक व्हायची, तो जाऊन २००० सालापासून फेमा आला हे बरंच झालं, मला तो काळ परत नकोय. पण त्या काळातले माझे पहिले साहेब नवीन इम्पोर्टर आला की दुपारी जेवण झाल्यावर मला घेऊन मस्जिद बंदरला त्याच्या गोडाऊनवर जायचे. पोती मोजायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, हमालांशी दोन शब्द बोलायचे, वास घ्यायचे. परत येताना म्हणायचे, धंदा आहे, किंवा म्हणायचे, याला जरा थांबव. एकदा एका सुकामेव्याच्या पार्टीचा पत्ता शोधत गेलो तर तिथे शिवणकामाचं दुकान निघालं. ती फाईल तिथेच मिटली. आज शाखेतला अधिकारी गोडाऊनला जाईल कसा, त्याला जेवायला वेळ नाही. दिवसभर इन्शुरन्स विका, म्युच्युअल फंड विका, खाती उघडा, संध्याकाळी झूमवर टार्गेटचा हिशेब द्या. खात्यांचं टार्गेट असल्यावर आलेल्या माणसाची चौकशी करणारा अधिकारी मागे पडतो आणि डोळे झाकून खातं उघडणारा पुढे जातो. मी हे माझ्या हाताखालच्या चांगल्या, हुशार पोरांच्या बाबतीत होताना बघितलंय. एकाने संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट वर पाठवला तर त्याला विचारलं गेलं की ही पार्टी दुसऱ्या बँकेत गेली तर जबाबदार कोण. त्याने पुढचा रिपोर्ट पाठवला नाही.

मुंबईतली फोर्टची ब्रॅडी हाऊस शाखा तर सगळ्यांना पाठ आहे. पंजाब नॅशनलच्या त्या शाखेतून २०११ पासून खोटी हमीपत्रं स्विफ्टवरून परदेशी शाखांना जात होती, आणि बँकेच्या मुख्य कॉम्प्युटर सिस्टीमला, म्हणजे सीबीएसला, त्याचा पत्ता नव्हता कारण स्विफ्ट आणि सीबीएस एकमेकांना जोडलेलेच नव्हते. २०१८ च्या फेब्रुवारीत ते बाहेर आलं तेव्हा सुरुवातीचाच आकडा ११,४०० कोटी होता. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं की ऑगस्ट २०१६ पासून आम्ही बँकांना स्विफ्टबद्दल तीनदा सावध केलं होतं. सावध केलं आणि मग? जोडलं की नाही हे बघायला कुणी गेलं का? त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेल गांधीनगरच्या भाषणात म्हणाले की सरकारी बँकांवर कारवाई करायचे आमचे अधिकार अपुरे आहेत. सरकार म्हणे अधिकार पुरेसे आहेत. ठेवीदाराने कुणाकडे बघायचं? आणि शेवटी हे सगळं होऊनही स्विफ्टच्या सूचना वेळेत न पाळल्याबद्दल २०१९ मध्ये ३६ बँकांना मिळून ७१ कोटींचा दंड करावा लागला. छत्तीस बँका!

सहकारी बँकांचं मी जास्त लिहीत नाही, तो वेगळा मोठा विषय आहे आणि आपल्या महाराष्ट्राच्या घराघरातला आहे. पण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आठवतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हॅकर्सनी दोन दिवसांत ९४ कोटी नेले, त्यातले जवळपास १४ कोटी स्विफ्टने थेट हाँगकाँगच्या एका कंपनीच्या खात्यात, परत हाँगकाँगच. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात मालेगाव. बाजार समितीत नोकरी लावतो सांगून गरीब तरुणांचे कागद घेतले, एका सहकारी बँकेत त्यांच्या नावाने खाती उघडली आणि काही दिवसांत त्यांत शंभर कोटींच्या वर रक्कम फिरली. ज्यांच्या नावाने फिरली त्यांच्या घरात पुढच्या महिन्याच्या किराण्याची सोय नव्हती. मालेगावची पोरं आणि माझ्या दारात उभा राहिलेला पोरगा यांच्यात मला काही फरक दिसत नाही.

म्हणून तुमच्या पेपरमधून रिझर्व्ह बँकेपर्यंत आणि अर्थ मंत्रालयापर्यंत काही गोष्टी पोचाव्यात असं वाटतं. भाडं, कमिशन, कन्सल्टन्सी अशा सेवांच्या नावाने बाहेर जाणारा पैसासुद्धा मालासारखाच कुठल्यातरी नोंदीशी जुळवून घेतला पाहिजे, आणि वर्षाच्या आतल्या नव्या फर्मसाठी तर पैसा जायच्या आधी. करंट अकाउंट उघडताना पार्टनरला एकट्याला समोर बसवून तुमचा धंदा काय हे त्याच्या भाषेत विचारलं पाहिजे आणि त्याने दिलेलं उत्तर फॉर्मवर लिहिलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्या मुलाला बँकेत कुणी हे विचारलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं, कारण त्याला लॉजिस्टिक्सचा अर्थ माहीत नव्हता. दंड बँकेच्या नावाने लावून थांबू नका, ज्या पदावरच्या माणसाने आकडे बघून डोळे झाकले त्या पदापर्यंत जा, शाखेपाशी थांबू नका. आणि जो कनिष्ठ अधिकारी संशयाचा रिपोर्ट पाठवतो त्याची बदली करताना वरच्याला लेखी कारण द्यावं लागेल असं काहीतरी करा. ठाण्याच्या केसमधल्या २६९ खात्यांपैकी किती खात्यांबद्दल बँकांनी आधी रिपोर्ट पाठवले होते, एवढा एकच आकडा जाहीर झाला तरी बऱ्याच गोष्टी कळतील. तुमच्या बातमीदारांनी तो मागावा, ही माझी खास विनंती. माहिती अधिकारात मी अर्ज करणार आहे, उत्तर आलं तर तुम्हाला पाठवतो.

गाड्या धुणाऱ्या मुलाचं सांगायचं राहिलं. त्याने सही केली नाही, कागद फाडून टाकले, फोटोही डिलीट केला. पण त्याच्यासोबत पलीकडच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या त्याच्या मित्राने दिवाळीच्या आधीच केली होती, दोन महिने पाच-पाच हजार मिळाले, त्यानंतर तो माणूस फोन उचलत नाही. काल त्या मित्राच्या घरी बँकेचं रजिस्टर पत्र आलंय. इंग्रजीत आहे, त्यांना वाचता येत नाही. रविवारी घेऊन येतो म्हणालाय.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे